दादाचा पुढचा दात

दादा ट्रम्पेट वाजवतो आणि मी दातांची डॉक्टर आहे. भावाबहिणीची ही जोडी पाहून आई म्हणायची, "घरचं गिऱ्हाईक तरी पक्कं झालं!" पण पिकतं तिथं विकत नाही. दादानं माझ्यापुढे तोंड उघडलं ते थेट गेल्या हिवाळ्यात, पन्नाशी उलटल्यावर. वरचा पुढचा दात चांगलाच हलत होता.

"हा काढावा लागेल," मी म्हटलं.

"आणि मग?"

"मग दुसरा बसवू."

"आणि वाजवायचं कुणी? तू?"

ट्रम्पेटवाल्याची सगळी भिस्त पुढच्या दातांवर. माउथपीस ओठावर टेकतो आणि ओठ दातांवर. दात गेला की आयुष्यभर घडवलेला सूर गेला, असं त्याचं म्हणणं, आणि तो अगदीच चुकत नव्हता. मी दातांच्या कण्या केल्या, पण ऐकेल तर तो दादा कसला! "उन्हाळा होऊ दे," एवढंच. उन्हाळ्यात त्याच्या बँडचा दौरा असतो. एका संगीत महोत्सवातून दुसऱ्या महोत्सवात, बसमध्येच जेवण आणि बसमध्येच झोप.

दौऱ्यातल्या शेवटच्या महोत्सवाला मी स्वतःच जाऊन धडकले. तुझं वाजवणं ऐकायला आले, असं सांगितलं. पिशवीत दात काढायचा चिमटा होता, हे नाही सांगितलं.

मोठं मैदान, एका टोकाला स्टेज, गवतावर चटया टाकून बसलेली माणसं. स्टेजमागच्या तंबूत दादा ट्रम्पेटच्या पेटीवर बसून सुरीनं सफरचंदाच्या पातळ चकत्या करत होता. उन्हाळाभर तो असाच जेवत होता. बँडवाल्यांना ते नखरे वाटायचे, आणि त्यानंही तसंच वाटू दिलं होतं.

संध्याकाळी तो वाजवायला उभा राहिला. माउथपीस त्यानं थोडा डावीकडे सरकवून धरला होता. शेवटी एक खूप वरचा सूर येतो, तो लागला की लोक उभेच राहतात. त्या सुरापाशी आल्यावर दादा त्याला वळसा घालून खाली उतरला. टाळ्या भरपूर पडल्या. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. हा माणूस लहानपणी तोच सूर लावून मला शाळेसाठी उठवायचा.

दुसऱ्या दिवशी बँडवाले आपापल्या घरी गेले. दादा म्हणाला, "आपण थांबू गं. आजवर वाजवलं की बस पकडली. एकदा दुसऱ्यांचं ऐकून तरी बघू."

श्रोता म्हणून तो महाभयंकर आहे. समोर कुणीही वाजवो, याची बोटं माझ्या मनगटावर ट्रम्पेटच्या कळा दाबत असतात. दुपारी एक सत्तरी ओलांडलेली बाई साध्या चपला घालून स्टेजवर आली, हातात ट्रम्पेट. वाजवता वाजवता तिनं तो कालचा वरचा सूर सहज उचलला आणि धरूनच ठेवला. दादाची बोटं थांबली.

वाजवून झाल्यावर ती तोंडभर हसली. मला चेहऱ्याआधी दात दिसतात, काय करणार.

"दादा, तिची कवळी आहे."

"काहीतरीच!"

"वरचे सगळे खोटे. पैज लाव."

तो उठून तडक तंबूकडे गेला. परत येऊन चटईवर टेकला.

"खरंच कवळी आहे," म्हणाला. "परत जमायला वर्ष गेलं म्हणे. सुरुवातीला ती वाजवायला बसली, की घरातलं मांजर पळून जायचं."

मग त्यानं आपल्या पिशवीतून सफरचंद काढलं. मी त्याची सुरी पुढे केली.

"नको."

त्यानं अख्ख्या सफरचंदाचा कचकन लचका तोडला. पुढच्याच क्षणी कळवळला. दात सफरचंदातच रुतून बसला होता. दादानं तो जरा वेळ न्याहाळला आणि सफरचंद माझ्या हातात दिलं.

"घे. लाग कामाला."

मी त्याच्या तोंडात कापूस कोंबला. चिमटा पिशवीतच राहिला. रक्त थांबेपर्यंत तरी गप्प बसेल, तर ते नाही. कापूस काढून त्यानं ट्रम्पेट ओठाला लावला आणि फुंकला. नुसतीच फुस्स हवा. शेजारच्या चटईवरची माणसं वळून बघायला लागली. दादानं परत फुंकलं, परत फुस्स. मग त्या खिंडारासकट माझ्याकडे बघून हसला.

"छोटे," तो म्हणाला, "घरी जाताना एक मांजर बघूया."