गावाचं नाव आणि नसलेली बखर

आमच्या गावाचं नाव कसं पडलं, हे मला माहीत नाही. एवढं एक वाक्य मी पस्तीस वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. त्याऐवजी मी अकरा पानं लिहिली.

गाव भूम तालुक्यातलं, ईटपासून फार लांब नाही. नाव मुद्दाम देत नाही, कारण तेच नाव कोकणात खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका गावाचंही आहे आणि त्या लोकांचा यात काही दोष नाही. मी इथल्या शाळेत शिक्षक होतो. वर्गात राज्याचा नकाशा टांगलेला असे. एकदा किनाऱ्यालगत बारीक अक्षरांत आपल्याच गावाचं नाव दिसलं आणि मी तिथं बोट ठेवून बराच वेळ उभा राहिलो. आमच्याकडे होळीनंतर विहिरींचे तळ दिसायला लागतात आणि तिकडे त्याच नावाचं गाव पाण्याला लागून बसलेलं. त्या उन्हाळ्यात मी एक कथा लिहिली. समुद्रावरच्या लढाईत हरलेला एक तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, होडीतलं शिवलिंग पोत्यात गुंडाळतो, बायकामुलांसह घाट चढतो, आमच्या माळावर येऊन थांबतो आणि माळाला आपल्या बंदराचं नाव देतो. कथा एका दिवाळी अंकात छापून आली. गावात ती कोणी वाचली नाही. इथपर्यंत माझ्याकडून काही वाईट घडलं नव्हतं.

पुढं महादेवाच्या देवळावर नवा कळस चढवायचं ठरलं. त्यानिमित्तानं स्मरणिका काढायची होती. समितीचे अध्यक्ष गावातले मोठे बागायतदार. गावाचा इतिहास गुरुजी लिहितील, असं त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं. मी धाराशिवला दोन खेपा केल्या, जुनी पुस्तकं चाळली, पण आमच्या गावाच्या नावाबद्दल एक ओळ सापडली नाही. छापखान्याची तारीख जवळ आली. मग मी ती कथा बाहेर काढली. त्यातले संवाद गाळले, सुरुवातीला ‘एका जुन्या बखरीत असा उल्लेख आढळतो’ हे वाक्य घातलं आणि तांडेलाचे वंशज म्हणून अध्यक्षांची भावकी दाखवली. त्यांनी मला तसं सांगितलं नव्हतं. माझी बदली त्यांनी नुकतीच थांबवली होती, एवढंच. अशी बखर कुठंही नव्हती आणि नाही.

आता त्या लिखाणानं कोणाचं काय गेलं, ते सांगतो. चैत्रात महादेवाची यात्रा भरते. त्या सकाळी वेशीजवळच्या एका घरातला कर्ता माणूस उपाशीपोटी आपल्या विहिरीची घागर भरून अनवाणी देवळात यायचा. ती घागर पिंडीवर पडल्याशिवाय गावात कोणी पाणी घालत नसे. हे घर शेतकऱ्याचं, मध्यम जमिनीचं. घरात आपसात कन्नड बोलत. मान त्यांच्याकडे कधीपासून होता हे कोणाला सांगता येत नव्हतं, आणि माझी स्मरणिका निघेपर्यंत कोणी विचारलंही नव्हतं. तेव्हा त्या घरचे कर्ते म्हणजे आप्पा. सगळं गावच त्यांना आप्पा म्हणायचं.

स्मरणिका निघाली आणि देव समुद्रावरून आला तर पहिलं पाणी समुद्राचंच पाहिजे, असं अध्यक्षांच्या भावकीत सुरू झालं. पुढच्या यात्रेला तरुण मंडळी जीप घेऊन त्या किनाऱ्यावरच्या गावाला गेली आणि दोन कॅन भरून आणले. पहिली धार भावकीनं धरली. पाणी वाळल्यावर पिंडीवर मिठाचा पांढरा थर आला. देवानं भस्म लावून घेतलं, असं लोक म्हणाले. आप्पांना वाचता येत नव्हतं. देवळाच्या ओट्यावर पंचांनी माझी पानं त्यांना वाचून दाखवली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“गुर्जी, तुमी लिवलंय म्हंजे खरंच असंल. पण ती बखर येकदा डोळ्यानं बघावी म्हन्तो. आमच्या घरचं बी कायतरी त्यात असंलच की.”

बखर हैदराबादला आहे, निजामाच्या वेळच्या जुन्या दप्तरात, असं मी सांगितलं. तिथवर ते जाणार नाहीत असा माझा हिशेब होता.

ते गेले. लेकीकडून गावाचं नाव कागदावर लिहून घेतलं आणि चार दिवस त्या शहरात फिरले. एका कचेरीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं तिसरीकडे. एका शिपायाशी कन्नडात बोलणं झालं म्हणून निदान चहा मिळाला, असं त्यांनी हसत सांगितलं. परत आल्यावर ते आधी माझ्याकडे आले होते, अजून घरीही गेले नव्हते.

“मलाच नीट इचारता आलं न्हाय,” ते म्हणाले. “तुमी संगं असता तर घावली असती.”

माझ्या मुलांसाठी त्यांनी हैदराबादहून बिस्किटांचा पुडा आणला होता. तो मी घेतला.

त्यानंतर चार वर्षं ते होते. यात्रेच्या सकाळी घागर भरायचे आणि दारातल्या लिंबाच्या बुडाशी ओतायचे. मी त्या दिवशी दुसऱ्या रस्त्यानं देवळात जायचो.

निवृत्तीनंतर एकदा मंडळींनी मला मानाचा पाहुणा म्हणून पाणी आणायला बरोबर नेलं. किनाऱ्यावरच्या त्या गावात देवळासमोर, इथला देव कुठं गेला ते सांगणारी रंगवलेली पाटी होती. आमच्या गावाचं नाव, तालुका, जिल्हा, सगळं त्यावर होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला माझीच कथा ऐकवली. त्यांच्या कथेत होडीला नाव मिळालेलं होतं आणि तांडेलाला मागं राहिलेला एक धाकटा भाऊही होता. त्या भावाच्या वंशजांची घरं त्यांनी मला बोटानं दाखवली. मूळ बखर तुमच्याकडेच ना, असं त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. आप्पांशी खोटं बोललो तेव्हा निदान घाबरलेला तरी होतो. इथं तर सहज डोलावली.

यंदा ग्रामपंचायतीनं हा इतिहास दगडावर कोरून वेशीत बसवायचं ठरवलं. म्हणजे आप्पांच्या घरासमोरच. सरपंच माझा विद्यार्थी. मजकूर तपासायला तो माझ्याकडे घेऊन आला. पहिलंच वाक्य बखरीचं होतं. कागद तीन दिवस माझ्याकडे पडून राहिला. दगड एकदा बसला की त्या घराला मान परत मागायला तोंड उरणार नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी मी आप्पांच्या मुलाकडे गेलो. तोही आता साठीच्या पुढं आहे. पाण्याची मोटार खोलून बसला होता. मी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला नाही.

“आप्पा हैदराबादला गेलते तवा तुमाला ठावं होतं?”

“होतं.”

त्यानं एक नट उचलून पुसला.

“बिस्किटं खाल्ली?”

“खाल्ली.”

“मग मला काय सांगताय,” तो म्हणाला. “सभंत सांगा.”

मी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं. आधी कोणाला कळेना, मग हशा झाला. सरपंच समजुतीनं म्हणाला, गुरुजींचं वय झालंय, बखर कुठं बघितली ते विसरले असतील. मागून कोणीतरी विचारलं, “मग आता समुद्र माघारी धाडायचा का, गुर्जी?” त्यावर सगळेच हसले, मीही हसलो असेन. अध्यक्षांच्या नातवानं तोडगा सुचवला, की पहिलं पाणी चालत आलंय तसं राहू द्या, दुसरी घागर वेशीजवळच्या घराला देऊ. आप्पांचा मुलगा उठला.

“दुसरं पानी कुनीबी घालतंय. त्याला मान म्हनत न्हाईत.” एवढं बोलून तो निघून गेला.

सभा संपताना सरपंचानं मला बाजूला घेतलं. तोंडी बोलण्यावर छापलेलं कसं मागं घेणार, असं त्याचं म्हणणं. तुम्ही नावानिशी लिहून छापा, मग यात्रेच्या आधी पुन्हा सभा घेतो आणि तोवर दगड थांबवतो. म्हणून हे लिहिलं. खाली माझं नाव आणि सही असलेली प्रत ग्रामपंचायतीत दिली आहे, दुसरी किनाऱ्यावरच्या त्या गावाला पाठवली आहे. यात्रेला सहा आठवडे आहेत. सभा काय ठरवेल ते माझ्या हातात नाही.

छापायला देण्याआधी लिखाण आप्पांच्या मुलाकडे नेलं. त्यानं ते दारात बसून, ओळीखाली बोट धरून दोनदा वाचलं. बाकी सगळं राहू द्या म्हणाला. फक्त शेवटच्या वाक्यावर बोट टेकवलं. आप्पा आज असते तर त्यांनी मला माफ केलं असतं, असं मी तिथं लिहिलं होतं.

“ह्ये काढा,” तो म्हणाला. “आप्पा काय म्हनले असते, ते तुमी लिवायचं न्हाय.”

मी तिथंच त्याच्याकडून पेन मागून घेतलं आणि ते वाक्य खोडलं.