दहा तास चालणारा माग

मी बी. ए. झालो तेव्हा आमच्या गिरणीच्या गावात, शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत कॉलेजची पायरी चढलेला दुसरा माणूस नव्हता. हे मी अभिमानानं सांगतो, लाजायचं त्यात काही नाही. पण एक शंका मला सहा वर्षं टोचत होती. ही पदवी मी मिळवली, की माझ्या दोस्तानं ती माझ्यासाठी सोडली?

दोस्त शेजारच्या घरातला. दोघांचेही बाप गिरणीत विणकर. आम्ही एकदमच मॅट्रिक झालो, गुणही जवळजवळ सारखे. विणकरांच्या मंडळाकडे पुण्याला कॉलेजात पाठवायची शिष्यवृत्ती होती, पण एकच. मंडळींनी तोड काढली की दोघांना गणिताचा एक पेपर द्यावा, जिंकेल तो जाईल.

चार गणितं होती. पहिली तीन डोकं फिरवणारी. चौथं मात्र पोरखेळ: एक माग तासाला अडीच वार कापड विणतो, तर दोन माग दहा तासांत किती विणतील? मी पन्नास वार लिहिलं आणि उठलो. दोस्तानं पहिली तीन माझ्या आधी सोडवली होती, अन् चौथं चुकलं. पेपर तपासणारे मास्तर सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "विणकराचा पोर ना तू? मागाचंच गणित चुकलास?" तो मान खाली घालून हसला. 

ते हसणं मला खटकलं. गणितात तो माझ्या पुढं होता. माझ्या वडिलांना तेव्हा दमा लागला होता, घरात मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं; मी शिकून नोकरीला लागलो तरच आमचं घर तरणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे यानं मुद्दाम चूक केली असं माझ्या मनानं घेतलं. विचारायचा धीर मात्र झाला नाही. तो खरंच तसं म्हणाला असता तर मी काय केलं असतं?

मी पुण्याला गेलो, तो गिरणीत लागला. मी अभ्यासात कसूर केली नाही. पण पास झालो की आधी ते हसणं आठवायचं. पदवी घेऊन आलो तेव्हा मंडळानं सत्कार केला. एक वक्ते म्हणाले की एकाच्या त्यागावर दुसऱ्याची प्रगती उभी राहते. दोस्त मागच्या रांगेत बसून जोरजोरानं टाळ्या वाजवत होता. मी हातातला पेढा तसाच खिशात टाकला.

पुढं हायस्कुलात मास्तरकी मिळाली आणि मी वडिलांना गिरणी सोडायला लावली. गिरणीतल्या त्यांच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना आणायला फाटकाशी गेलो. भोंगा झाला. वडील दोस्ताच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आले. आम्ही तिघं समोरच्या हॉटेलात चहाला बसलो.

वडील म्हणाले, "तुला सांगायचं राहिलं. मी इतकी वर्सं टिकलो ती ह्याच्यामुळं. दम लागला की मी दारापाशी जाऊन बसायचो, आन् ह्यो माझे दोन आन् त्याचे दोन, चार माग एकटा बघायचा. माझं कापड कधी कमी भरू दिलं न्हाय."

मला यातलं काही माहीत नव्हतं. घरच्या पत्रात नेहमी सर्व खुशाल असायचं.

"मामा, उगं चढवू नका," दोस्त म्हणाला. "शेजारचा माग बंद दिसला की मला कसनुसं हुतं. आन् मला माग शिकवला कुणी? तुमीच की."

एक ओझं होतंच, त्यावर हे दुसरं. मला राहवेना. मी सरळ विचारलं, "मंडळाच्या पेपरातलं ते मागाचं गणित. ते तू माझ्यासाठी चुकवलंस ना?"

त्यानं बशी खाली ठेवली. "चुकवलं? लेका, मी बरोबर लिहिलं हुतं. माग दहा तास सलग चालतो का? मामा, तुमी सांगा, चालतो का?"

"कुटला चालायला," वडील म्हणाले.

"कांडीवरचं सूत सपलं की थांबतो. ताण्याचं सूत तुटलं की थांबतो. पट्टा निसटला की थांबतो. बापाचा डबा घेऊन जायचो तवा उभा राहून बघितलं हुतं मी. सगळं धरून दोन तास वजा केलं, चाळीस वार लिहिलं. मास्तरला मागातलं काय कळतंय, म्हणून हसू आलं."

"मग तसं बोलला का नाहीस?"

"कुणाफुडं बोलू? आन् तुझ्यासाठी सोडीन मी? लई मोठा लागून गेलास. घरी येऊन दोन दिवस जेवलो न्हाय. आईला विचार जा."

तो दोन दिवस उपाशी राहिला हे ऐकून मला बरं वाटलं. लिहिताना ओशाळायला होतं, पण खरं तेच आहे. छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. तो माझं मन राखायला बोलत नव्हता. ज्याला हरायचंच आहे तो कांड्या आणि तुटकी सुतं मोजत बसत नाही, कोरा कागद देऊन उठतो.

त्यानं माझ्या वडिलांचे माग सांभाळले नसते तर मला शिक्षण टाकून परत यावं लागलं असतं. हे मी कुणापासून लपवत नाही. पण तो मला पुढं ढकलून स्वतः मागं राहिला नव्हता. तो हरला, रुसला, कामाला लागला, आणि शेजारच्या म्हाताऱ्याला दम लागलेला दिसला म्हणून हात पुढं केला. त्यागाची भाषणं करणाऱ्यांना हा फरक कळत नाही. शिष्यवृत्त्या दोन असत्या तर आम्ही दोघंही गेलो असतो, हेही त्या सत्कारात कुणी म्हणालं नव्हतं.

"आता तू मास्तर हायस," तो म्हणाला. "माझ्या चाळीस वारांना किती मार्क देशील?"

मी खरोखर विचार केला. "निम्मे."

"निम्मेच?"

"माग थांबतो असं प्रश्नात कुठं लिहिलं होतं?"

"मामा, बघा तुमचा बी. ए. किती चिक्कू हाय."

वडील हसले, आणि हसता हसता खोकायला लागले. त्यानं एका हातानं त्यांची पाठ चोळली, दुसऱ्या हातानं माझी बशी ओढली आणि राहिलेला चहा पिऊन टाकला. मी आणखी तीन कप सांगितले.