कॅमेरा गळ्यात, मान खाली

लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडं दोन गोष्टी साठत जातात. एक फोटो, दुसरी शरम. फोटो हार्ड डिस्कमध्ये टाकून कपाटात ठेवता येतात. शरमेचं तसं नसतं. ती जेवताना आठवते, गाडी चालवताना आठवते, आणि माणूस एकटाच "आरारारा" करत कपाळाला हात लावतो. बायको विचारते, काय झालं? मी म्हणतो, काही नाही. आज तुम्ही सगळे बसलाच आहात, तर सांगून टाकतो.

मी आणि लातूरचा व्यंकट, दोघांनी मिळून नांदेडात स्टुडिओ टाकला. तोपर्यंत मी एका खाजगी शाळेवर शिकवत होतो. राजीनामा दिल्याचं सांगायला अर्धापूरला घरी गेलो तर आमचे अण्णा, म्हणजे वडील, केळीला पाणी देत होते. मान वर न करता म्हणाले, "एक लगीनसराई बघ. नाव झालं तर झालं. न्हाई तर ह्या बागेत ये. पर लोकांच्या मांडवात हसं करून घेऊ नको."

तेवढी एक लगीनसराई माझ्या हातात होती. आणि हसं पहिल्याच लग्नात झालं.

*

पहिलं लग्न भावकीतलंच. आम्ही नुकतंच शिकून आलो होतो की, माणसानं कॅमेऱ्याकडं बघायचं नाही, आपण गुपचूप टिपायचं. त्याला कँडिड म्हणतात. आम्ही अख्खं लग्न कँडिड टिपलं.

अल्बम घेऊन गेलो. नवरीच्या काकांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितला, मिटला, आणि मला विचारलं, "आमच्यातलं कुणी भांडलं होतं का तुमच्यासंगं?"

"नाही हो काका."

"मंग एकबी माणूस तुमच्याकडं कामून बघून न्हाई राहिला?"

नवरीची आई आपला फोटो शोधत होती. एकच सापडला. त्यात तिच्या तोंडात अख्खा लाडू होता. व्यंकट म्हणाला, "मावशी, हा एकदम नॅचरल आलाय."

"नॅचरल तर घरी रोजच राहतो की बाबा," मावशी म्हणाली, "लग्नात तरी बरं दिसू द्यायचं."

तो अल्बम त्या घरात अजून कुणा पाहुण्याला दाखवलेला नाही.

*

हिमायतनगरला एका बौद्ध कुटुंबातलं लग्न मिळालं. मुलीचे वडील रिटायर मुख्याध्यापक, शांत माणूस. माझ्या मोबाइलमध्ये यादी तयार: अंतरपाट, अक्षता, सप्तपदी. चांगली बॅटरी मी अक्षतांसाठी राखून ठेवली होती.

स्टेजवर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, पांढऱ्या कपड्यात नवरा-नवरी. वंदना झाली. मग ते दोघं एकेक वाक्य म्हणू लागले. मला वाटलं, आधीचा कार्यक्रम चालू आहे. मी लेन्स पुसत बसलो. व्यंकट कमानीवरची फुलं टिपत होता. थोड्या वेळानं टाळ्या वाजल्या आणि लोक जेवायला निघाले. मी घाबरून मुलीच्या वडिलांना, गुरुजींनाच गाठलं.

"सर, लग्न कधी लागणार?"

"लागलं की," गुरुजी म्हणाले. "तुम्ही तिथंच उभे होता."

कान तापले माझे. दहावीपर्यंत माझ्या बाकावर मिलिंद बसायचा. त्याच्या बहिणीच्या लग्नाचं बोलावणं होतं, त्याच्याही लग्नाचं होतं. मी कधी गेलो नव्हतो. फोटोपेक्षा त्याचीच जास्त शरम वाटली.

गुरुजींनी पोरांना पुन्हा स्टेजवर बोलावलं. म्हणाले, "परत एकदा घ्या रे प्रतिज्ञा. दोनदा म्हणल्यानं बिघडत नाही. उलट पाठ होते."

*

लातूरचा एक इंजिनिअर नवरदेव. त्याचं प्री-वेडिंग आम्ही कंधारच्या किल्ल्यात केलं. लग्नाच्या दिवशी तो व्हिडिओ भल्या मोठ्या स्क्रीनवर लावायचा होता. व्यंकटनं पेन ड्राइव्ह लावला आणि आम्ही दोघं ऐटीत हाताची घडी घालून उभे राहिलो.

स्क्रीनवर किल्ल्याची भिंत आली. तिच्यापुढं नवरा-नवरी चालत आले. गाणं काही वाजेना. गाण्याऐवजी माझाच आवाज सगळ्या मंगल कार्यालयात घुमला. "व्यंक्या, ह्याला पाठीमागूनच घे. तोंडाचं काही जमून नाही राहिलं."

एडिट न केलेली क्लिप लागली होती. दीड-दोन हजार माणूस. वाढपी वरणाची बादली घेऊन जागच्या जागी थांबले. नवरीच्या करवल्या खाली मान घालून हसत होत्या. व्यंकट मशीन बंद करायला धावला आणि वायरीत पाय अडकून पडला.

तरी काम पुरं करणं भाग होतं. मी कॅमेरा घेऊन स्टेजवर चढलो. नवरदेव खुर्चीवरून उठला, शेरवानी सारखी केली, माझ्याकडं पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "घ्या."

*

अण्णांनी पाहुण्यारावळ्यांत सांगून ठेवलं होतं की, पोरगा नांदेडात कम्प्युटरमध्ये आहे. आणि नेमके ते एका लग्नाला आले, जिथं काम आमचं होतं. मी नवरीच्या पायाची मेंदी टिपायला स्टेजवर पालथा पडलेलो. अण्णा पहिल्या रांगेत.

शेजारचा पाहुणा म्हणाला, "अण्णा, तो खाली पडलेला तुमचा माधव नव्हं?"

अण्णांनी चष्मा लावून नीट निरखलं.

"न्हाई," म्हणाले, "पर दिसतो खरा तसाच."

मला सगळं ऐकू येत होतं. अण्णा जेवायला उठेपर्यंत मी तसाच पडून राहिलो.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी व्यंकटशिवाय कुणाला सांगितलेला नाही.

कंधारकडच्या एका गावातलं लग्न. आहेराची रांग पार मांडवाबाहेर गेलेली. प्रत्येकाला नवरा-नवरीजवळ उभं राहून फोटो पाहिजे. इतके फोटो निवडता निवडता नंतर जीव जातो, म्हणून धंद्यात एक युक्ती आहे. कॅमेऱ्याचं बटण दाबायचं नाही, नुसता फ्लॅश उडवायचा. फोटो निघत नाही, पण माणूस खूश होऊन खाली उतरतो. कुणाला नाही म्हणावं लागत नाही आणि आपलं नाव चांगलं राहतं. तोवर दोन-चार जणांनी माझं नाव चांगलं घेतलं होतं, ते मला घालवायचं नव्हतं.

रांगेत एक म्हातारे बाबा आले. कोरं धोतर, डोक्याला पटका, हातात नारळ. नवरीच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. बँडवाले जेवायला बसले होते, म्हणून जरा शांतता होती. घरच्यांनी दिलेल्या फोटोंच्या यादीत बाबा नव्हते. मी फ्लॅश उडवला आणि म्हणलं, "झालं बाबा, पुढं चला."

पंधरा दिवसांनी बाबा एसटीनं नांदेडला, स्टुडिओत हजर. "फोटु न्यायला आलो."

मी म्हणलं, "अल्बम होऊन राहिलाय बाबा."

"होऊ द्या. घाई न्हाई." मग पाणी पिऊन आपणच सांगू लागले. नवरीच्या शेजारचं त्यांचं घर. तिला पहिलीपासून सातवीपर्यंत सायकलवर शाळेत त्यांनीच सोडलं. आता ती हैदराबादला गेली. "घरात लेकरू न्हाई आमच्या. तिचा फोटु लावावा म्हणलं भिंतीला."

महिन्यानं परत आले. मी परत तेच सांगितलं. त्या वेळी एक पोरगी पासपोर्ट फोटो काढायला आली होती. कॅमेऱ्याचा खटकन आवाज दोनदा आला. बाबा तिकडं बघत बसले, मग माझ्याकडं बघितलं, आणि पिशवी उचलून गेले.

तिसऱ्यांदा आले तेव्हा व्यंकट मला आत ओढून हळूच म्हणाला, "बाबांचा एक फोटो काढ. नवरीचा आहेच आपल्याकडं. शेजारी चिकटवून टाकू. कुणाला कळतंय?"

खरं सांगून टाकावं, असं जिभेवर आलं होतं. सांगितलं नाही. बाहेर येऊन म्हणलं, "बाबा, अल्बमसाठी अजून एक फोटो लागतोय तुमचा. इथं उभं राहा."

बाबांनी पिशवीतून तोच पटका काढला आणि नीट बांधला. पडद्यापुढं आले. मधोमध नाही, कडेला, डाव्या अंगाला एका माणसाची जागा सोडून. आणि त्या मोकळ्या जागेवर, नवरीच्या डोक्याएवढ्या उंचीवर, हात हवेत धरून उभे राहिले.

मी बटण दाबलं.

बाबांनी हात खाली घेतला. म्हणाले, "हां. आज आवाज आला. त्या दिशी नुस्ता उजेडच पडला होता."