मामांना पसंत न पडलेल्या जीपगाड्या

साक्षात ब्रह्मदेवानं स्वतःच्या हातानं जीपगाडी घडवून नगरला विकायला काढली असती, तरी माझ्या बहिणीच्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, तिच्याखाली शिरून निदान चार ठिकाणी खोट काढली असती, आणि वर ब्रह्मदेवालाच सुनावलं असतं! लष्कराच्या वर्कशॉपात उभी हयात घालवलेला माणूस. बायको वारलेली, मुलगा आणि माझी बहीण नोकरीपायी भिलाईला. भिंगारच्या दोन खोल्यांत मामा एकटे. मी खेडोपाडी पाण्याचे पंप विकत फिरायचो. बाहत्तरच्या दुष्काळात विहिरींचं पाणी खोल गेलं, मागणी वाढली, आणि एसटीच्या टपावर पंप चढवता चढवता माझी कंबर मोडायची वेळ आली. म्हणून ताडपत्रीच्या टपाची एखादी जुनी जीप घ्यायचं ठरवलं आणि पारखायला मामांना नेलं. तिथेच फसलो.

दर रविवारी एक गाडी. मामा धुतलेला पंचा अंथरून गाडीखाली आडवे व्हायचे आणि पान्यानं चासीचा सांगाडा ठोकत कान लावायचे. "पाव्हनं, हितं गंज हाय, वरनं रंग फासलाय." मग टपावर घागरभर पाणी ओतायला लावून स्वतः आत पेपर वाचत बसायचे, पेपर भिजला की गाडी नापास. धुराचा रंग बघायला माझीच पांढरी टोपी नळीमागे धरायचे. सावेडीच्या एका वकिलांना तर तोंडावर सांगितलं, "स्टेरिंग इतकं ढिलं हाय वो, आज वळवलं तर गाडी उद्या वळंल." वकील खवळले. मामा मात्र खुशीत. येताना भजी खायची, पुढच्या रविवारचं ठरवायचं. आठ महिने मी आपला एसटीतच! मनातल्या मनात चडफडायचो, पण बोलणार कसं? बहिणीचे सासरे पडले.

मग एका डॉक्टरांची जीप विकायला निघाली. सकाळपासून दुपारपर्यंत मामा तिच्याखाली होते. बाहेर आले. पंचा झटकला, नीट घडी केली. "घ्या. खोट न्हाई." भजी नको म्हणाले. मी इतका आनंदात, की मला त्यांचा चेहरा काही दिसला नाही.

पुढे चार महिने मी त्यांना तोंडसुद्धा दाखवलं नाही. गेलो तेव्हा मामांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, वाकून पाहिलं आणि नुसते उभे राहिले. करण्यासारखं काही नव्हतंच. मला कसंसंच झालं. दिलं ठोकून, "मामा, दुसऱ्या गिअरला आवाज येतोय."

स्वारी एकदम खुलली! बाह्या सरसावून, मला शेजारी बसवून त्यांनी पाथर्डीच्या रस्त्यानं कोसभर गाडी हाकली. मग कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

"पाव्हनं, आवाजबिवाज काय न्हाई. तुमाला बी ठावं हाय." समोर बघतच म्हणाले, "ल्योक तिकडं लांब. बोलायला कुनी न्हाई. तुमच्या रईवारावर माझा आठवडा सरायचा. डागदराची गाडी चांगली निघाली तवा लई वाईट वाटलं बगा. पर नसलेली खोट सांगवंना. आता आवाज नसला तरी येत जावा."

"येतो की, मामा," मी म्हणालो.

त्यानंतर ते होते तोवर मी दोनदाच गेलो, आणि दोन्ही वेळा घाईत होतो.