सुभेदारांच्या झाडाची फीत

साताऱ्यात आमच्या घरी हुद्द्यानं सगळ्यात मोठं एक झाड होतं.

एकाहत्तरच्या लढाईनंतर माझे वडील, आप्पा, सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा बंगलोरच्या छावणीतून त्यांनी एक ट्रंक आणि ही कुंडी आणली. तलवारीसारखी उभी पानं आणि प्रत्येक पानाच्या कडेला पिवळीधमक रेघ. आप्पा त्या रेघेला 'फीत' म्हणत. फीत कर्तबगारीवर मिळते, असं ते झाडाकडे बघत मला ऐकवत. (मी कचेरीत टायपिस्ट होतो.)

माझी बहीण शालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला पोचवायला आष्ट्याहून तिची सासू आली होती. विहीणबाईंना झाड भलतंच आवडलं. आप्पांनी छाती फुगवून शब्द दिला, "लेक नातवंडाला घिऊन परत यील, तवा ह्याचं पिल्लू तुमच्या दारात. फितीसकट."

शब्द गेला आणि पंचाईत झाली. मूळ झाडाचा कंद फोडायला आप्पा तयार होईनात. "पलटण तोडायची न्हाई." मग मी पुढे सरसावलो. कॉलेजात माझा वनस्पतिशास्त्र विषय होता! म्हटलं, एका पानाचे तुकडे करून मातीत खोचू, प्रत्येकाला मूळ फुटेल. इथवर शास्त्र बरोबर होतं. पण तुकडे मी इतके सुबक आणि सारखे कापले, की वरची बाजू कुठली नि खालची कुठली हे ब्रह्मदेवालाही ओळखता आलं नसतं. निम्मे तुकडे डोक्यावर उभे राहिले आणि तसेच कुजले.

उरलेल्यांची आप्पा रोज सकाळी तपासणी करत. मूळ फुटलं का बघायला एकेक तुकडा उपटायचा, न्याहाळायचा आणि परत खोचायचा. ते अंघोळीला गेले की आई उपटून बघायची. आई चुलीकडे वळली की शालन. आणि शेवटी, शास्त्र म्हणून, मी! शालनला मुलगा झाला, बारसं झालं, पोरगं पालथं पडायला लागलं, तरी माती ढिम्म.

मग एकदाचा एका तुकड्याशेजारी कोंब आला. आप्पांनी आळीत पेढे वाटले. कोंबाची दोन पानं झाली, हिरवीगार.

"फीत कवा यायची रं?" आप्पांनी विचारलं.

तेव्हा मला वर्गात अर्धवट झोपेत ऐकलेलं एक वाक्य आठवलं. पानापासून केलेल्या रोपाला ती रेघ कधीच येत नाही. मी ते सांगितलं आणि आप्पा मटकन खाली बसले. "त्या माउलीला फितीसकट म्हणलोय रं मी." लढाईच्या गोष्टी सांगताना न हललेला माणूस त्या दिवशी ताटावरून उठला. मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी बेंदूर होता. शेजारी बैलांची शिंगं रंगवत होते. त्यांच्याकडून उरलेला पिवळा रंग मागून आणला आणि आप्पा बाहेर गेल्यावर दोन्ही पानांच्या कडा रंगवल्या. परत येऊन त्यांनी बघितलं मात्र, थेट सॅल्यूट ठोकला! आप्पा शालनला सोडायला गेले, तेव्हा एस.टी.त नातू तिच्याकडे होता आणि आप्पांच्या मांडीवर रोप.

वर्षभरानं मी आष्ट्याला गेलो. आता नवी पानं फुटली असणार, हिरवी, आणि आप्पांची अब्रू गेली असणार. दारात बघतो तर नवी पानं फुटली होती आणि प्रत्येकाला पिवळीधमक फीत! शास्त्राला खोटं पाडणारं रोप माझ्या हातून झालं होतं.

"मावशी, ही फीत आली कशी?"

"आपोआप कुठली येती? नवं पान फुटलं की म्या लावती, शिंगाचा रंग," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचं आप्पा आलं की आदी झाडाम्होरं हुभं ऱ्हात्यात. लय खूश हुत्यात. त्यास्नी काय बोलू नगा."

मला त्या बाईच्या पायाच पडावंसं वाटलं आणि मी पडलोसुद्धा. डोक्यावर हात ठेवत त्या हळूच म्हणाल्या, "पर पाव्हणं, तुमी रंगवल्याली ती पयली दोन पानं म्या पुसून परत रंगीवली बरं का. असला वाकडातिकडा रंग आमच्या बैलांनी बी लावून घेतला नसता."