पुठ्ठ्यावरची नर्स

मॅट्रिकच्या, म्हणजे तेव्हाच्या अकरावीच्या, गणितात मी दोनदा नापास झाले. पहिल्यांदा झाले तेव्हा घरात कुणी काही बोललं नाही. आमच्या भावकीत मॅट्रिकपर्यंत पोचलेली मीच पहिली मुलगी, आणि नापास व्हायलासुद्धा तिथवर जावं लागतं, हे बाबांना पटलेलं होतं. दुसऱ्यांदा मात्र माय म्हणाली, "आता बस झालं. गणिताचं आन् तुझं जमून न्हाई राह्यलं, तर कशाला त्याच्या नादी लागती?"

आम्ही परतूर तालुक्यातल्या आष्टीत राहत होतो. बाबा गावातल्या सरकारी दवाखान्यात शिपाई होते. मी लहानपणापासून त्यांचा डबा घेऊन दवाखान्यात जायची आणि तिथल्या सिस्टरबाईंकडे बघत बसायची. त्या मूळच्या जालन्याच्या. पांढरी कडक साडी, मनगटावर घड्याळ. घड्याळ बघत दुसऱ्याची नाडी धरायच्या तेव्हा भांडकुदळ माणूससुद्धा गप्प बसायचा. एवढी सत्ता मी दुसऱ्या कुठल्याच बाईच्या हातात बघितली नव्हती. मला नर्स व्हायचं होतं आणि त्यासाठी मॅट्रिक पास व्हायला पाहिजे होतं.

दुसऱ्या निकालानंतर मी दवाखान्याच्या ओट्यावर रडत बसले होते. सिस्टरबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "रडून झालं की आत ये, बोळे करायचे आहेत." मी कापसाचे बोळे करत बसले तेव्हा त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. शिकत असताना त्यांचंही मन उडालं होतं. तेव्हा त्यांच्या एका मॅडमनी सांगितलं की जे व्हायचंय त्याची चित्रं कापून एका पुठ्ठ्यावर चिकटव, रोज सकाळी त्याच्यासमोर बस, डोळे मीट आणि स्वतःला त्या चित्रात बघ.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? तुझ्यासमोर उभी आहे."

एवढा पुरावा मला पुष्कळ होता.

बाबांनी सलाईनच्या बाटल्यांच्या खोक्याचा पुठ्ठा आणून दिला. मी ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली. अडचण चित्रांची होती. आमच्या घरात छापील कागद यायचा तो किराणा दुकानातल्या पुड्यांच्या रूपानं. हळदीच्या पुडीवर एक मनगटी घड्याळ सापडलं, थोडं पिवळं झालेलं. गुळाच्या कागदावर एक दोन मजली इमारत निघाली. तिला मी नर्सिंगचं होस्टेल ठरवलं. ते एका साखर कारखान्याचं ऑफिस होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पांढरे बूट जालन्याच्या एका दुकानाच्या कॅलेंडरवर मिळाले. ते पुरुषांचे होते, पण पांढरे होते.

राहिली नर्स. ती काही कुठल्या पुडीत सापडेना. शेवटी सिस्टरबाईंनी कुटुंबनियोजनाचं एक जुनं, फाटलेलं पोस्टर दिलं. त्याच्यावर हसरं जोडपं, त्यांची दोन गुटगुटीत लेकरं आणि मधोमध नर्स. मी कात्रीनं जोडपं काढून टाकलं, लेकरं काढून टाकली. पण धाकट्या लेकरानं नर्सचं बोट धरलेलं होतं, ते कापलं तर नर्सचा हातच जायचा. म्हणून त्या लेकराचा पंजा मनगटापर्यंत ठेवला. नर्सच्या खांद्याजवळचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोणही तसाच राहिला. आणि डोक्याच्या बाजूला घोषवाक्यातला शेवटचा शब्द होता, तो काढायला गेले तर टोपी फाटत होती. तोही ठेवला.

भांड्यांच्या फळीखाली खिळा ठोकून मी पुठ्ठा टांगला. मायला वाचता येत नव्हतं. तिनं लांबून बघितलं, जवळून बघितलं आणि विचारलं, "त्या बाईच्या डोक्यापाशी काय लिव्हलंय?"

"पुरे."

"काय पुरे?"

"नुसतंच पुरे."

"मी बी तेच म्हणून राह्यले," माय म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी पुठ्ठ्यासमोर मांडी घालून बसायला लागले. डोळे मिटले की आधी फक्त चुलीचा धूर जाणवायचा. चार-पाच दिवसांनी मात्र चित्र हलायला लागलं. मी कडक साडीत वॉर्डातून चाललेय, माझे पांढरे बूट वाजतायत, लोक उठून बसतायत. मला हसू फुटायचं. एकदा मी अशी वॉर्डात असताना इकडे तव्यावरची भाकरी कोळसा झाली.

बाबांना वाटलं मी ध्यान करते. त्यांना इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. "धम्मात सांगितलंच हाय," ते मायला म्हणाले. "पौर्णिमेला विहारात गेल्यावर मोठी मोठी माणसं पाच मिनिटं बसत न्हाईत. आन् ही बघ." मग तेही आंघोळ करून माझ्या शेजारी बसायला लागले. दोन मिनिटांत त्यांचं घोरणं सुरू व्हायचं. त्या घोरण्यात वॉर्डातून चालणं मला फार अवघड जायचं, पण वडिलांना उठवणार कसं?

मायला मात्र ध्यानबिन काही पटलं नव्हतं. एकोणीस वर्षांची पोरगी रोज सकाळी डोळे मिटून हसते, आणि समोरच्या चित्रात एका लेकराचा हात आहे, एवढंच तिला दिसत होतं. तिनं तिचा हिशोब केला आणि मावशीला निरोप धाडला. पंधरा दिवसांत अंबडकडचं एक स्थळ मला बघायला दारात हजर. मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर, सोबत त्याचे काका आणि काकू.

पुठ्ठा काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. काका सतरंजीवर बसले ते नेमके त्याच्यासमोर. चहा येईपर्यंत त्यांनी तो नीट न्याहाळला. मग पसंतीनं मान हलवत म्हणाले, "घड्याळ. बूट. बराबर हाय."

"काय बराबर?" बाबांनी विचारलं.

"न्हाई, तुमी भिंतीवर मांडूनच ठिवलं ते चांगलं केलं. मागून बोलाबोली नको. पर ही इमारत काय म्हणायची? घर बी देऊन राह्यले का काय?"

बाबांच्या हातातली बशी तशीच राहिली. दवाखान्यातल्या शिपायानं दोन मजली घर द्यायचं! ते "अवं, ते तसं नव्हं" एवढंच म्हणत राहिले. तोवर काकांची नजर वर सरकली होती. लाल त्रिकोण तेव्हा जालन्यापासून अंतरवालीपर्यंत प्रत्येक भिंतीवर होता. तो ओळखायला शिक्षण लागत नव्हतं.

"हे काय?" काकांनी विचारलं. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"नर्सचं चित्र हाय," मी आतून म्हणाले.

"नर्स राहू दे. हा तिरकोन? आन् हे वर काय, 'पुरे'? आजून लगीन न्हाई, काही न्हाई, आन् तुमची पोरगी आताच पुरे म्हणून राह्यली?"

यावर माय जे बोलली ते मी आयुष्यात विसरणार नाही. ती चुलीपासून उठून बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "तिला कापता आलं न्हाई बराबर. टोपी फाटत व्हती."

मग तो मास्तर मुलगा हसायला लागला. आधी रुमालात, मग उघडपणे. काका त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते. चहा झाल्यावर मुलानं माझ्याशी दोन शब्द बोलायची परवानगी मागितली. दार उघडं ठेवून, सगळ्यांच्या देखत आम्ही ओसरीच्या टोकाला उभे राहिलो. मला वाटलं शिक्षण विचारेल, स्वयंपाक विचारेल. त्यानं हळूच विचारलं, "हे लागू पडतं का हो?"

"काय?"

"चित्र लावून बसायचं."

"अजून तर काही नाही. पण तुम्हाला काय पाहिजे?"

त्यानं एकदा मागे काकांकडे बघितलं. "मला बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचंय. शाळेत मन लागत न्हाई."

मी त्याला पुठ्ठा कसा करायचा ते सांगितलं. खळीत चिमूटभर मोरचूद घालायला सांगितलं, नाहीतर उंदीर कुरतडतात. तो मन लावून ऐकत होता. काकांनी "कळवतो" म्हणून निरोप घेतला आणि काही कळवलं नाही. पुढे काही वर्षांनी जालन्यात एक वरात रस्ता अडवून उभी होती, तेव्हा बँडच्या पहिल्या रांगेत, लाल कोट घालून, गाल फुगवून तो मला दिसला. मला ओळखून त्यानं मान हलवली, पण सूर सोडला नाही. मास्तरकी सोडली की सुट्टीतला उद्योग होता, हे विचारायचं राहून गेलं.

स्थळ परत गेलं त्याचं मला दुःख झालं नाही. पण त्याच आठवड्यात सिस्टरबाईंनी विचारलं, "काय, अभ्यास कसा चाललाय?" आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "एकदम पक्का. मी रोज पास होते."

"रोज?"

"डोळे मिटले की निकाल दिसतो. माझा नंबर दिसतो. तुम्ही पेढा खाताना दिसता."

त्यांनी केसपेपरच्या पाठीमागे एक गणित लिहून दिलं. एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा नळ सहा तासांत ती रिकामी करतो, दोन्ही नळ एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल? मी पेन्सिल घेऊन बसले. बसले ती बसलेच. मला सारखं वाटायचं की ज्या गावात दोन वर्षांपूर्वी टँकरमागे धावलो तिथे भरत्या टाकीचा दुसरा नळ सोडणाऱ्या माणसाला आधी धरलं पाहिजे. अर्ध्या तासानं मी कोरा कागद परत दिला.

सिस्टरबाईंचा आवाज ओट्यावरच्या पेशंटांनाही ऐकू गेला. "अगं, पुस्तक कधी उघडलंस शेवटचं?"

मी आठवायला लागले. पुठ्ठा टांगल्यापासून नव्हतं उघडलं. खरंच सांगते, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. रोज सकाळी मी पास होऊन, नर्स होऊन, वॉर्डात राऊंड मारून परत येत होते. एवढं सगळं झाल्यावर माणूस पुस्तक कशाला उघडेल?

त्यांनी हातातला केसपेपर टेबलावर ठेवला. मग खुर्ची ओढून म्हणाल्या, "चूक माझी. अर्धंच सांगितलं तुला. मी डोळे मिटून स्वतःला पास झालेली नव्हते बघत. मी स्वतःला अभ्यासाला बसलेली बघायची. कंटाळा आलेली, अडलेली, आणि तरी उठून न गेलेली. डोळे उघडले की तेच करायचं. तू उद्यापासून परीक्षा बघ. पेपर हातात आलाय, गणित अडलंय, तू ते खोडतेस आणि पहिल्यापासून मांडतेस. बस, एवढंच बघ."

हे चित्र काही मजेचं नव्हतं. साडी नाही, बूट नाही, कुणी उठून बसत नाही. पहिल्या दिवशी डोळे मिटले तर मला खरोखरचा घाम फुटला. पण दहा मिनिटांनी डोळे उघडले आणि वही घेतली. नळाची ती टाकी बारा तासांत भरते, हे मला चौथ्या दिवशी दुपारी कळलं, आणि मी धावत दवाखान्यात जाऊन सांगितलं. सिस्टरबाई एका म्हाताऱ्याला इंजेक्शन देत होत्या. "बरोबर," त्या म्हणाल्या, "आता आठवी ते अकरावी सगळं." तो पावसाळा मी भूमितीत घालवला. बाबाही शेजारी बसायचे, पण आता मी पाढे मोठ्यानं म्हणत होते, त्यामुळे त्यांना झोप लागत नव्हती. सत्तावीसचा पाढा त्यांचा माझ्याआधी पाठ झाला.

परीक्षा परतूरला होती. सगळं मी आधी बघून ठेवलं होतं, पण माझ्या बाकाचा एक पाय तोकडा असेल हे बघितलं नव्हतं. शेजारची मुलगी लिहायला लागली की बाक तिच्याकडे झुकायचा, मी लिहायला लागले की माझ्याकडे. शेवटी आम्ही दोघींनी न बोलता वाटणी केली. ती लिहायची तेव्हा मी विचार करायची, आणि मी लिहायची तेव्हा ती. तिसरं गणित अडलं. छातीत धडधडलं, पण ती धडधड ओळखीची होती, गेले तीन महिने रोज सकाळी होत होती. मी उत्तर खोडलं आणि पहिल्यापासून मांडलं.

निकालाचा पेपर एसटीनं आला. बाबा स्टँडवर पहाटेपासून उभे होते. घरी आले तेव्हा काही बोलत नव्हते. मायनं घाबरून विचारलं, "पुन्हा गेली का?" बाबा म्हणाले, "न्हाई. नंबर हाय. मी चारदा बघितला, कंडक्टरला दाखवला, डायवरला दाखवला. हाय." गणितात अगदी काठावर पास झाले होते. मायनं भिंतीला पाठ टेकली आणि बराच वेळ पदर डोळ्यांना लावून बसली. मग म्हणाली, "मंग आता औरंगाबादला एकटी राहशील का?" नर्सिंगचा कोर्स औरंगाबादला होता, आणि त्या बाजूचा विचार तिनं तोवर केलाच नव्हता.

पुढच्या वर्षी कोर्सला नंबर लागला. पहिले दोन महिने आम्हाला रोग्याच्या जवळसुद्धा जाऊ दिलं नाही. पलंगावर चादर घालायची, चारही कोपरे एकसारखे दुमडायचे, मॅडम येऊन ती ओढून टाकायच्या, पुन्हा घालायची. मी तेवढंच शिकले. दिवाळीच्या सुट्टीआधी बाबांचं पत्र आलं, "येताना ड्रेस घालूनच ये, गावाला दिसू दे." म्हणून पांढरी कडक साडी नेसून मी आष्टीच्या स्टँडवर उतरले. बाबा न्यायला आले होते. ते माझी पेटी उचलत होते तेवढ्यात एक म्हातारे आजोबा काठी टेकत आले, बाकड्यावर बसले आणि बाही वर करून दंड माझ्यापुढे धरला.

"माय, जल्दी एक इंजेक्शन मार. चार दिसापासून कंबर धरली."

बाबा छाती फुगवून माझ्याकडे बघत होते. मी आजोबांपाशी खाली बसले आणि हळूच म्हणाले, "आजोबा, मला अजून फक्त चादर घालता येते."

आजोबांनी बाही खाली केली. थोडा विचार करून म्हणाले, "चल मंग घरी. आमची बी घालून दे."

बाबांनी पेटी डोक्यावर घेतली आणि आम्ही तिघं आधी आजोबांच्या घरी गेलो. त्यांच्या बाजेवर गोधडीचे कोपरे दुमडायला मला पाऊण तास लागला.