डाव्या नळीचं स्वल्प काम

रविवारी सकाळी व्हॉट्सअॅपवर फोटो आला. फोटोत आमच्या गिऱ्हाइकाची, रामोजी अण्णांची दुनळी बंदूक होती. झेंडूचा हार घातलेली, दस्त्यावर कुंकू. खाली त्यांच्या नातीनं, पल्लवीनं लिहिलं होतं, "आयुधपूजा मस्त झाली अक्का. आता रेंजवर निघालो. आज पहिला बार!"

त्या बंदुकीतून बार काढायचा नव्हता. हे त्यांना माहीत नव्हतं, कारण मी सांगितलंच नव्हतं.

मी मेटलर्जिस्ट. सरकारी कारखान्यातून रिटायर झाले आणि बेंगळुरूच्या चामराजपेटेतल्या एका परवानाधारक बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात जुन्या नळ्या तपासायला लागले. दुनळी म्हणजे शेजारी शेजारी दोन नळ्या असलेली शॉटगन. अण्णांची त्यांच्या आजोबांच्या वेळची, विलायती, शंभरी ओलांडलेली. दस्त्याची चीर आम्ही भरली, चापामागचं लॉक साफ केलं, स्प्रिंगा बदलल्या. राहिल्या नळ्या. अण्णांनी त्या उजेडाकडे धरून बघितल्या होत्या आणि खूश झाले होते.

"बघा अक्का, आतून कशी आरशागत चकाकतेय!"

मला तीच चकाकी खटकली. इतक्या जुन्या नळीत गंजाचे खड्डे असायचेच. कुणीतरी कधीतरी ती आतून घासून खड्डे घालवले होते. खड्ड्यांबरोबर धातूही गेला होता. नळीच्या भिंतीची जाडी आम्ही थाऊमध्ये मोजतो. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वीस थाऊच्या खाली गेली तर आमच्या दुकानातून बार काढायला परवानगी मिळत नाही. उजवी नळी अठ्ठावीस भरली. डावी, मागच्या टोकापासून नऊ इंचांवर, पंधरा. तीनदा मोजली. पंधराच. नेम धरताना डावा हात नेमका तिथेच येतो.

दुसऱ्या दिवशी अण्णा पूजेसाठी बंदूक न्यायला आले. लहानपणी आजोबांनी ती एकदा हातात दिली होती, ते सांगताना त्यांचे डोळे भरून आले. सणाच्या तोंडावर वाईट बातमी माझ्याच्यानं सांगवेना.

"नळीचं स्वल्प काम बाकी आहे," मी म्हटलं. "पूजा झाली की परत आणा."

स्वल्प म्हणजे थोडंसं. पॉलिश वगैरे राहिलं असेल, असं त्यांना वाटलं. वाटणारच.

शुक्रवारी त्यांचा फोन आला तेव्हा माझ्यामागे ग्राइंडर चालू होता. ते बोलत होते आणि मी "सरी, सरी" म्हणत होते. तीस वर्षं बेंगळुरूत काढून मी हा कन्नड शब्द उचललाय खरा, पण मी तो नुसता हुंकारासारखा वापरते. अण्णांचं घराणं इथं कित्येक पिढ्यांचं. त्यांच्या कानाला सरी म्हणजे चालेल, करा. पूजा झाली की बार काढून बघू का, असं त्यांनी विचारलं होतं, हे मला रविवारी कळलं.

दोघांना फोन लावले. कुणी उचलेना. रेंजवर पोचल्यावर तर फोन लॉकरमध्येच ठेवावे लागतात. तिथल्या ऑफिसचा नंबर नुसता वाजत राहिला. मी महादेवपुऱ्यात, रेंज शहराच्या दुसऱ्या टोकाला, केंगेरीच्या पुढे. कॅब केली. सगळा रस्ताभर एकच हिशोब डोक्यात. दुनळीला दोन चाप. पुढचा ओढला की उजव्या नळीतून बार उडतो, मागचा ओढला की डावीतून. सगळे आधी पुढचाच ओढतात. म्हणजे पहिल्या बाराला काही होणार नाही, आणि काही झालं नाही म्हणून ते निर्धास्तपणे दुसरा काढतील.

गेटवर उतरतानाच बार ऐकू आला. मी धावले. माझ्या गुडघ्यांनी एवढं धावणं कित्येक वर्षांत केलं नव्हतं. पल्लवीच्या खांद्याला बंदूक तशीच होती. अण्णा मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"पल्लवी, थांब! मागचा चाप ओढू नको!"

रेंजवर असं ओरडत नाहीत. कोच माझ्यावर खेकसले. पण पोरगी शहाणी, तिनं बोट बाजूला घेतलं आणि बंदूक उघडली. उजवीकडे उडालेलं काडतूस, डावीकडे भरलेलं.

"काय झालं अक्का? तुम्हीच सरी म्हणालात न्हवं?" अण्णा म्हणाले.

"म्हणाले. पण तुमचं बोलणं मला ऐकूच आलं नव्हतं."

"आणि ते स्वल्प काम?"

"ते खोटं होतं, अण्णा. डावी नळी पातळ झालीय. फुटली असती."

"आधी ठाऊक होतं तुम्हाला?"

"हो. तुम्ही इतके खुशीत होता..."

"माझ्या खुशीपायी हिचा हात गेला असता की!"

दोन महिन्यांत त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. पल्लवीचा डावा हात मी मघापासून घट्ट धरून ठेवला होता. तिनं तो हळूच सोडवून घेतला.

घासून गेलेला धातू परत येत नाही. अण्णांनी बंदूक आमच्याकडे परत आणलीच नाही. दुसऱ्या दुकानात नेऊन तपासून घेतली. तिथेही पंधराच थाऊ निघाले. हे मला पल्लवीनं कळवलं, अण्णा आता माझ्याशी बोलत नाहीत.

म्हणजे माप माझं बरोबर होतं. पण ते माझ्याच रजिस्टरात राहिलं. आता वाईट आकडा निघाला की मी आधी गिऱ्हाइकाला फोन करते, मग चहा घेते.